मूल गाडीत विसरू नये म्हणून: गाडीतला अलार्म की मागच्या सीटवर बॅग?

आधी एक गोष्ट, हे फक्त बेफिकीर आईबापांकडूनच होतं असं नाहीये, रोजच्या रस्त्यावर डोकं सवयीनं चालतं आणि मागे झोपलेलं बाळ आवाजही करत नाही, त्यात रिअर-फेसिंग सीट (बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असलेली) असेल तर रिकामी आहे की भरलेली तेही समोरून दिसत नाही. बंद गाडी 10 मिनिटांत साधारण 10 डिग्री सेल्सियसने तापते, काच थोडी उघडी ठेवून फार फरक पडत नाही, आणि लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा 3 ते 5 पट वेगाने तापतं.

आता अलार्म. बऱ्याच गाड्यांमधला रिमाइंडर मूल ओळखतच नाही हो, निघायच्या आधी मागचं दार उघडलं होतं का एवढंच बघतो, त्यामुळे रोज वाजतो आणि मग आपण न बघताच बंद करतो. रडारवाला सेन्सर बाळाचा श्वाससुद्धा टिपतो, तो खरंच चांगला, पण सगळ्या गाड्यांत नसतो.

बॅगेचं सोपंय, ऑफिसची बॅग, फोन किंवा डावा बूट मागे ठेवायचा, म्हणजे मागचं दार उघडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. पण हे रोज करायचं, मूल सोबत नसेल तरीही, नाहीतर ज्या दिवशी रुटीन बदलतं नेमकं त्याच दिवशी राहून जातं.

माझं मत बॅगेला, सेन्सर असेल तर तो जोडीला. आणि पाळणाघराला सांगून ठेवा, मूल वेळेत आलं नाही तर लगेच फोन करा, मेसेज नको.