क्रीडाशिक्षकांसाठी समावेशक मार्शल आर्ट्स प्रशिक्षण, रत्नागिरी: काय मिळतं, काय राहून जातं

कराटे, तायक्वांदो आणि ज्युदोच्या वर्गात दिव्यांग मुलांना कसं सामावून घ्यायचं, हे शिकवणारं शालेय क्रीडाशिक्षकांसाठीचं हे तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण. ज्यांच्या पटावर असं एक जरी मूल असेल त्यांनी जरूर जावं. मात्र परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी वर्ग सुरू करू नये. त्याची कारणं पुढे येतीलच.

पहिला दिवस माहितीचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ प्रमाणे शाळेने खेळाची संधी इतर मुलांच्या बरोबरीने द्यायची असते. ‘तू सावलीत बस, तुझी हजेरी लागली’ ही आपल्याकडची जुनी सवय त्यात बसत नाही. मग स्पर्धांचे नियम येतात. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत दोघांनी एकमेकांची पकड घेतल्यावरच लढत सुरू होते, पॅरा-तायक्वांदोत डोक्यावर लाथ चालत नाही, पॅरा-कराटेत काता (ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवणं) असतो, लढत नसते. कपिल परमार यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ज्युदोतलं कांस्य जिंकलं, भारताचं ज्युदोतलं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक. पण शाळेतल्या शिक्षकाला गट आणि वर्गवारीचे तक्ते इतके तपशिलात लागत नाहीत. तो वेळ दुसरीकडे हवा होता.

प्रशिक्षणाचं खरं मोल दुसऱ्या दिवशी कळतं. दिव्यांग मुलासाठी वेगळा कोपरा करायचा नाही, नियम बदलायचा तो सगळ्या वर्गाचा, हे तिथे हातापायांनी शिकवतात. पकड घेऊनच सुरुवात करायची हा नियम सगळ्यांना लावला की दृष्टिबाधित मूल कुठल्याही जोडीदाराबरोबर खेळू शकतं. मॅटच्या कडेला सुतळी ठेवून वरून चिकटपट्टी लावली की अनवाणी पायाला हद्द कळते. गोलबॉल या दृष्टिबाधितांच्या चेंडूच्या खेळात मैदानावर रेषा अशाच आखतात. थांबण्याची खूण पहिल्याच तासाला पक्की करायची: दोनदा थाप. ती मॅटवर नको, जोडीदाराच्या अंगावर हवी, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही कळते. हाताने थाप देता येत नसेल तर पायाने, तेही जमत नसेल तर ठरलेला एक शब्द.

पडणं शिकवण्याचा क्रमही नीट होता. आधी बसून, मग उकिडवं, शेवटी उभ्याने, आणि प्रत्येक वेळी हनुवटी छातीला. एक हात नसलेल्या मुलाला कोणत्या बाजूने पडायचं ते आधी त्यालाच विचारायचं. चाकाची खुर्ची मागे कलंडली तर चाकं धरायला हात मागे न्यायचा नाही. हनुवटी आत, एक हात गुडघ्यांवर आडवा, नाहीतर स्वतःचेच गुडघे तोंडावर येतात.

खुर्चीवरून ठोसा मारतानाची अडचणही प्रत्यक्ष करून दाखवली. ब्रेक सुटा असेल तर पॅडवर ठोसा बसताच खुर्ची मागे सरकते आणि जोर वाया जातो. ब्रेक लावला आणि मागची छोटी आधारचाकं नसली, तर खुर्ची उलटण्याची भीती. म्हणून आधारचाकं, कमरेला पट्टा आणि सुरुवातीला मागे एक माणूस उभा. खुर्ची मऊ मॅटवर घेऊ नये, पुढची लहान चाकं रुततात. खुर्ची फरशीवर ठेवावी आणि पॅड धरणाऱ्याने तिच्याजवळ यावं.

आता उणं काय ते. आरोग्याची बाजू अर्ध्या तासात गुंडाळली, आणि हीच सगळ्यात गंभीर त्रुटी आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांचे मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांनी मान तपासल्याशिवाय कोलांटी, मानेची पकड किंवा डोक्यावर भार नको. मान दुखणं, मान तिरकी राहणं, चाल बदलणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काहीही दिसलं तर सराव तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. हे फलकावर लिहून पाठ करून घ्यायला हवं होतं. सरावाला रबरी पट्टे वाटले, पण स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला असणं) असलेल्या मुलांना लेटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त असते, हे कुणी बोललं नाही. कॉक्लियर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने बसवलेल्या ऐकण्याच्या यंत्राचा) बाहेरचा भाग अंगलगीच्या सरावाआधी काढून ठेवायचा आणि त्या मुलाच्या डोक्याला मार लागू द्यायचा नाही, हे विचारल्यावर सांगितलं. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा कमी असतो त्या अवस्थेत) झटक्याने ताण दिला किंवा मागून एकदम ‘किआई’ ही कराटेतली आरोळी ठोकली तर स्नायू आणखी आखडतात, हे मात्र छान समजावलं.

दुसरी उणीव जागेची. सगळं वातानुकूलित सभागृहात झालं. आपले वर्ग पत्र्याखाली किंवा जांभ्याच्या चिऱ्यांच्या ओट्यावर भरतात. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, म्हणजे आवाजावर चालणारं दृष्टिबाधित मूल एकटं पडतं आणि स्वमग्न मूल त्या गजराने बिथरतं. तेवढ्यात वीज गेली तर हातांच्या खुणाही दिसत नाहीत. अशा वेळी खांद्यावरच्या स्पर्शाच्या खुणा हव्यात, आणि त्या मुलाच्या संमतीने आधी ठरलेल्या हव्यात. कोबा ओला झाला की कुबडीचं झिजलेलं रबर हमखास घसरतं, म्हणून रबर दर महिन्याला तपासायचं. दमट हवेत मॅटच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. रोज उभ्या करून वाळवाव्या लागतात. खाऱ्या वाऱ्याने खुर्चीची बेअरिंग गंजतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या मुलाला इजेच्या खालच्या भागात घाम कमी येतो किंवा येतच नाही, त्यामुळे मे महिन्यात त्याचा सराव सकाळी लवकर उरकायचा, ओला पंचा आणि पाणी जवळ ठेवून. यातलं एकही वाक्य पुस्तिकेत नाही.

तिसऱ्या दिवशी मुलं येतात. हा भाग उत्तम, पण फार थोडा. दृष्टिबाधित प्रशिक्षक स्वतः जोडीदार म्हणून मॅटवर उतरले आणि शिक्षकांचा हात धरायचा संकोच तिथेच गेला. अशी दोन सत्रं तरी हवीत. मुलांचे पालकही बोलावले असते तर बरं झालं असतं. औषधाची वेळ, आकडीची पूर्वसूचना, कुठे स्पर्श चालत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

मिळणारं प्रमाणपत्र उपस्थितीचं आहे. त्यावर कुणी कराटे किंवा ज्युदोचा प्रशिक्षक होत नाही. ज्यांना ती विद्या मुळात येत नाही त्यांनी गावातल्या जाणत्या प्रशिक्षकाबरोबर जोडीने वर्ग घ्यावा. नोंदणी करतानाच विचारून घ्या: मुलांबरोबर किती वेळ आहे, आरोग्याचं सत्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट घेणार का, आणि नंतर शाळेत येऊन कुणी वर्ग पाहणार का. तालुक्यातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना सोबत न्या. मुलांच्या तपासण्यांची कागदपत्रं बहुतेक त्यांच्याकडेच असतात.