बोस्टनच्या ‘प्रॉमिस’चा प्रवेश अर्ज: वेळ कुठे घालवावा

‘प्रॉमिस’ हा बोस्टन विद्यापीठात दर उन्हाळ्यात भरणारा शालेय मुलांचा गणिताचा निवासी कार्यक्रम, सहा आठवड्यांचा. 1989 पासून चालू आहे. गणितज्ञ अर्नोल्ड रॉस यांनी 1957 मध्ये सुरू केलेल्या उन्हाळी गणित कार्यक्रमाची परंपरा तो पुढे चालवतो. साधारण 80 मुलं घेतात. वय किमान 14 हवं आणि नववी झालेली हवी. हा रिव्ह्यू मात्र त्याच्या अर्जाचा आहे, कारण हुशार मुलंही तिथे नको त्या जागी मेहनत करतात.

अर्जात शाळेची गुणपत्रकं, गणिताच्या शिक्षकांचं शिफारसपत्र, काही छोटे लेखी प्रश्न आणि गणितांचा एक संच असतो. खरा कस या संचाचा. अर्ज म्हणून ही गोष्ट फार आवडण्यासारखी आहे: तिथे गेल्यावर रोज सकाळी नंबर थिअरीचं (पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या गणिताचं) व्याख्यान ऐकून दिवसभर ज्या जातीच्या प्रश्नांशी झुंजायचं असतं, तेच काम आधी करून दाखवायला सांगतात. ज्याला हा संच सोडवताना कंटाळा आला, त्याला तिथले सहा आठवडेही जड जातील. प्रवेश मिळण्याआधीच हे कळणं मुलाच्या फायद्याचं आहे.

प्रश्नांना कॅल्क्युलस लागत नाही, पण ते ऑलिम्पियाडसारखे एका युक्तीत सुटणारेही नसतात. उदाहरणं करून पाहा, नमुना ओळखा, अटकळ बांधा, सिद्ध करा, आणि मग प्रश्न थोडा बदलून पुढे काय होतं ते बघा, अशी त्यांची ठेवण असते. अर्धवट उत्तरंही वाचली जातात. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, म्हणून संचात नसलेला पण त्याच धर्तीचा एक प्रश्न घेऊ: कोणत्या संख्या दोन किंवा अधिक क्रमागत धन पूर्णांकांच्या बेरजेने मिळतात?

3 = 1+2, 5 = 2+3, 6 = 1+2+3, 7 = 3+4, 9 = 4+5. राहिल्या 1, 2, 4, 8. सोळापर्यंत गेलं की तीही राहते. अटकळ उघड आहे: 2 चे घात मिळत नाहीत, बाकी सगळ्या मिळतात. बरीच मुलं इथे थांबतात आणि शंभरपर्यंतची यादी जोडून ‘सिद्ध झालं’ लिहितात. हा सर्वांत महागडा दोष. n²+n+41 ही राशी n = 0 पासून 39 पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या देते आणि n = 40 ला थेट 41² देते; कितीही लांब यादी ही सिद्धता नसते. वरच्या प्रश्नात a पासून सुरू होणाऱ्या k संख्यांच्या बेरजेची दुप्पट k(2a+k−1) येते. या दोन अवयवांपैकी एक सम, एक विषम, आणि दोन्ही 1 पेक्षा मोठे. म्हणजे बेरजेला 1 पेक्षा मोठा विषम अवयव असतोच, आणि तो 2 च्या घाताला नसतो. इथे अर्धं काम झालं. उरलेल्या सगळ्या संख्या खरोखर मिळतात, हे वेगळं दाखवावं लागतं, आणि ही उलट बाजू विसरणारे पुष्कळ असतात.

चांगला अर्ज याच्या पुढे जातो. 9 दोन प्रकारे मिळते (4+5 आणि 2+3+4), 15 तीन प्रकारे (7+8, 4+5+6 आणि 1+2+3+4+5). किती प्रकारे, हे कशावर ठरतं? 1 सोडून विषम विभाजक मोजून पाहा. सिद्धता जमली नाही तरी कोष्टक, अटकळ आणि नेमकं कुठे अडलं हे स्पष्ट लिहा. फसलेला प्रयत्न का फसला हे दोन ओळींत सांगणारा कागद, मधली पायरी गुपचूप गाळलेल्या गुळगुळीत उत्तरापेक्षा कितीतरी बरा. तपासणारे गणिती असतात. गाळलेली पायरी त्यांना लगेच दिसते.

काम एकट्याने करायचं. शिक्षक, क्लास, इंटरनेट, एआय यांच्याकडून उत्तर घेऊ नका. नियम तर आहेच, शिवाय उसन्या उत्तरावर प्रवेश मिळाला तर पहिल्याच आठवड्यात दमछाक होते. पालकांनीही इथे हात आखडता घ्यावा.

मुदत साधारण मार्चमध्ये संपते. संच हातात आला की दोन-तीन दिवसांत सगळे प्रश्न एकदा वाचून काढा आणि मग आठवडे घ्या. एकेका प्रश्नाला अनेक बैठका लागतात. शेवटचा आठवडा फक्त स्वच्छ लिहिण्यासाठी ठेवा. हाताने लिहायचं तर गडद शाईने लिहा. फिकट पेन्सिल स्कॅनमध्ये उडते.

शिफारसपत्र किमान महिनाभर आधी मागा, आणि ज्यांनी तुम्हाला अवघड प्रश्नावर चिवटपणे बसलेलं पाहिलं आहे त्याच शिक्षकांकडे मागा. मुख्याध्यापकांचं ‘आज्ञाधारक व गुणी’ असं पत्र काही सांगत नाही. छोट्या प्रश्नांत पदकांची यादी न देता एखाद्या गणिताने का पछाडलं ते लिहा. गुणपत्रकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, वेळेत पोचवा.

खर्च हा या सगळ्याचा कमजोर भाग. ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेल्या अमेरिकी कुटुंबांना कार्यक्रम मोफत आहे, पण बाहेरून येणाऱ्यांना कार्यक्रमाच्या शुल्काखेरीज विमानभाडं आणि व्हिसाचा खर्च वेगळा पडतो. हा हिशोब अर्ज भरण्याआधी घरात व्हावा, निवड झाल्यावर नव्हे. युरोपातल्या मुलांसाठी ऑक्सफर्डला ‘प्रॉमिस युरोप’ भरतो.

याच कष्टात ‘मॅथकॅम्प’ किंवा ‘रॉस’ या अशाच उन्हाळी गणित कार्यक्रमांनाही अर्ज करावासा वाटेल. करा, पण त्यांचे संच वेगळे आणि मदतीचे नियमही वेगळे; एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका. दोन संच मनापासून सोडवणं जमतं. चौथ्यापर्यंत सगळ्यांचीच उत्तरं उथळ होतात.