अ‍ॅलेक्स टेस्टच्या तयारीच्या नावाखाली आमचे ₹35,700 गेले

मुलगी अमेरिकेत इंजिनिअरिंगला चालली आहे. वर्ग सुरू होण्याआधी तिथल्या विद्यापीठाची अ‍ॅलेक्स ही गणिताची ऑनलाइन टेस्ट घरूनच द्यायची होती. पहिल्या वेळी तिला 100 पैकी 58 पडले. तिच्या विद्यापीठात कॅल्क्युलस वन या गणिताच्या विषयाला प्रवेश मिळायला 76 लागतात. ते नाही मिळाले तर एक सेमिस्टर मागे, आणि तिथल्या एका सेमिस्टरचा खर्च काय असतो हे पोरं पाठवणाऱ्यांना सांगायला नको. त्या धास्तीपोटी मी पैसे भरले. पेपर फोडून मागितला नव्हता, शिकवणी लावली होती.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका 'सरां'चा नंबर आला. 'प्रीमियम पोर्टल'चे ₹18,500 घेतले आणि सेटअपसाठी म्हणून मुलीचा पासवर्डही घेतला. दुसऱ्या दिवशी लिंक आली. लेकीने उघडली आणि म्हणाली, "बाबा, हे तर माझंच अकाउंट आहे. टेस्ट दिली तेच."

तिथेच थांबायला हवं होतं. मी सरांना फोन केला. "आमचं टेस्टवाल्या कंपनीशी टाय-अप आहे," असं ते म्हणाले आणि मी लेकीलाच गप्प केलं. ती बरोबर होती. टेस्टसोबत सरावाचं मॉड्यूल विद्यापीठच देतं, आमच्याकडे सहा महिन्यांसाठी, वेगळे पैसे न घेता. आमचीच वस्तू त्याने आम्हाला विकली! विद्यापीठाच्या मेलमध्ये हे सगळं लिहिलं होतं. तो मेल आधी पूर्ण वाचा, मग कुणाला फोन करायचा तो करा.

पुढे 'अटेम्प्ट रीसेट'चे ₹6,200. मग 80 च्या वर स्कोअरची हमी म्हणून ₹11,000 डिपॉझिट, म्हणे परत मिळणारं. ते भरलं त्याच संध्याकाळी त्याने ब्लॉक केलं. अशी हमी कुणी देऊच शकत नाही. जास्तीत जास्त 30 प्रश्न असतात, आधीच्या उत्तरावरून पुढचा ठरतो आणि बहुतेक उत्तरं स्वतः टाइप करावी लागतात.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. मॉड्यूल एकदाच निवडता येतं. त्याने प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीची तयारी, सोडून खालचं अल्जेब्रा निवडून ठेवलं. विद्यापीठाला कळवलं तर 'बदलता येणार नाही, पासवर्ड दुसऱ्याला देणं नियमाविरुद्ध आहे' एवढं दोन ओळींचं उत्तर आलं. पासवर्ड सख्ख्या काकालाही देऊ नका.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "क्लासच्या फीचा वाद दिवाणी असतो." तिसऱ्या दिवशी, "परीक्षा अमेरिकेची, मग इथे कशाला आलात?" अहो, पैसे इथल्या खात्यातून इथल्याच खात्यात गेलेत! यूपीआयचे तिन्ही व्यवहार क्रमांक, चॅटचे 41 स्क्रीनशॉट, सगळं छापून नेलं होतं. कुणी पान उलटून पाहिलं नाही. माझ्यासारखे चार दिवस लाजेत घालवू नका, पैसे गेल्याचं कळताक्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

लेक आता अकरावी-बारावीची पुस्तकं काढून त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम स्वतःच करते आहे. मला मंगळवारी पुन्हा ठाण्यात बोलावलंय, आधारची झेरॉक्स घेऊन. ती मी याआधी दोनदा दिली आहे.