एजंटच्या टूलचं वर्णन: एका ओळीचं, आयतं की हाताने लिहिलेलं?

एआय एजंट म्हणजे आपल्यासाठी कामं करणारं भाषा मॉडेल, आणि टूल म्हणजे त्यासाठी त्याला बोलावता येणारं फंक्शन. असं टूल बनवताना सगळा जीव कोडमध्ये ओतला जातो आणि डिस्क्रिप्शनचा रकाना जाता जाता भरला जातो. मॉडेलला तुमचा कोड दिसतच नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सची, म्हणजे त्याला द्यायच्या माहितीच्या रकान्यांची, यादी. मॉडेलला टूल्स जोडायच्या पद्धतींपैकी ओपनएआयने जून 2023 मध्ये आणलेलं फंक्शन कॉलिंग घ्या किंवा अँथ्रोपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केलेलं एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल), टूल निवडायला मॉडेलच्या हातात मुख्यतः एवढंच असतं.

उदाहरण रेल्वेचं घेऊ. समजा एजंटकडे गाडी शोधायच्या टूलखेरीज आणखी दोन टूल्स आहेत. एका ओळीत लिहायचं तर वर्णनं अशी होतील: ‘गाडीची स्थिती देते’ आणि ‘पीएनआरची स्थिती देते’. वाचायला सुटसुटीत. पण प्रवाशाने विचारलं, ‘माझ्या गाडीचं काय झालं?’ तर? गाडी लेट आहे का हे विचारतोय, की वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं का? इथे मॉडेल अंदाज बांधतं.

आता पहिल्याच टूलचं हाताने लिहिलेलं वर्णन बघा:

‘धावती गाडी आत्ता कुठे आहे आणि किती उशिरा आहे ते सांगते. 5 अंकी गाडी क्रमांक लागतो. तो माहीत नसेल तर अंदाजाने भरू नका, आधी गाडी शोधायचं टूल वापरा. तिकीट कन्फर्म झालं का ते इथे कळत नाही, त्यासाठी 10 अंकी पीएनआरचं टूल आहे. तारीख म्हणजे गाडी पहिल्या स्टेशनवरून सुटली ती, प्रवासी चढतो ती नव्हे.’

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्यात पोचते. वर्ध्याच्या फलाटावरून सकाळी कुणी विचारलं, ‘आजची विदर्भ कुठवर आलीये?’ तर एका ओळीच्या वर्णनावर चालणारं मॉडेल आजची तारीख टाकेल आणि ‘गाडी अजून सुटलेली नाही’ असं छातीठोकपणे सांगेल. तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर, प्रवाशाच्या दृष्टीने साफ चूक. गाडी क्रमांकाचंही तसंच. डेक्कन क्वीन म्हटलं की 12123 मुंबईहून पुण्याला येणारी आणि 12124 पुण्याहून जाणारी. नुसत्या नावावरून क्रमांक भरू नये तो यासाठी.

लांब वर्णनाला खर्च आहे, हे खरं. ते प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं, म्हणजे टोकन (मॉडेल मजकूर ज्यात मोडून वाचतं ते तुकडे) लागतात. कॅशिंगने, म्हणजे तोच मजकूर साठवून पुन्हा वापरल्याने, पैसे वाचले तरी कॉन्टेक्स्टमधली (मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरातली) जागा व्यापलेलीच राहते. पण जागा कमी पडत असेल तर मी आधी टूल्स कमी करेन, वर्णनं नंतर.

तिसरा पर्याय आयता: ओपनएपीआयच्या फाइलवरून (सेवेला काय पाठवायचं आणि काय मिळतं हे ठरावीक साच्यात लिहिलेली फाइल) वर्णनं आपोआप काढायची. फाइल कोडबरोबर अपडेट होत असेल तर पॅरामीटर्सचे प्रकार आणि कोणते सक्तीचे हे नेमकं येतं. तेवढ्यापुरतं ते हाताने लिहिलेल्यापेक्षा सरस. मात्र तो मजकूर मुळात प्रोग्रामरसाठी असतो. ‘तारीख: स्ट्रिंग’ एवढ्यावर तो थांबतो, आणि हे टूल कधी वापरू नये ते तर त्यात क्वचितच असतं. म्हणून स्कीमा, म्हणजे पॅरामीटर्सचा आराखडा, आयता घ्यावा, वर्णन स्वतः लिहावं.

एजंटकडे एकदोनच टूल्स असतील आणि त्यांची कामं एकमेकांपासून लांबची असतील, तर नीट नाव आणि एक ओळ पुरते. उगाच निबंध लिहू नका. दोन टूल्स एकाच प्रश्नाचं उत्तर देतील असं वाटत असेल, तर हाताने लिहिण्याला पर्याय नाही. तिकीट रद्द करण्यासारखं टूल असेल तर परिणाम वर्णनात स्पष्ट लिहा, पण ‘आधी प्रवाशाला विचारा’ एवढ्या वाक्यावर विसंबू नका. खात्री करून घेण्याची पायरी कोडमध्येच हवी. एमसीपीमध्ये असं टूल विध्वंसक असल्याची खूण करता येते, पण ती नुसती सूचना आहे, कुलूप नव्हे.

सगळं वर्णनातच कोंबायचीही गरज नाही. तारखेचा साचा पॅरामीटरच्या वर्णनात जाऊ द्या. क्वचित लागणारे नियम एरर मेसेजमध्ये चालतात: ‘गाडी क्रमांक 5 अंकी हवा, 10 अंक मिळाले, हा पीएनआर असावा.’ हे वाचून मॉडेल बहुतेक वेळा स्वतःच दुसऱ्या टूलकडे वळतं. नुसतं ‘एरर 400’ (विनंती चुकीची, एवढंच सांगणारा कोड) दिलंत तर तोच क्रमांक पुन्हा पाठवत बसण्याची शक्यता जास्त.

राहिला भाषेचा प्रश्न. टूलच्या नावात बऱ्याच ठिकाणी रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच चालतं. वर्णन मराठीत चालतं, पण देवनागरीला साधारणपणे टोकन जास्त लागतात. प्रवासी मराठी असले तरी मी वर्णन इंग्रजीत ठेवेन आणि त्यात ‘कुठवर आलीये’, ‘वेटिंग क्लिअर झालं का’ असे दोनचार प्रश्न जसेच्या तसे मराठीत घालेन.