सगळं एकदम मागवावं की दोन-दोन प्लेट?

सोलापुरात होटगी रोड, विजापूर रोड, सात रस्ता या भागातल्या जरा बऱ्या रेस्टॉरंटांत चार-पाच जण जेवायला बसले की आता निम्मं पोट स्टार्टरवरच भरतं. टिक्का, कबाब, क्रिस्पी कॉर्न, मोमो असं मधे ठेवून वाटून खायचं आणि शेवटी नावाला एखादी बिर्याणी. काय मागवायचं यावर फार वाद होत नाहीत. ते सगळं बसल्या बसल्या सांगून मोकळं व्हायचं, की दोन-दोन प्लेट करत जायचं, यावर मात्र घरोघरी दोन तट असतात.

एकदम सांगणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. मेन्यू एकदाच चाळायचा, कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्याला, सारखं हाका मारत बसायचं नाही, आणि टेबल भरलेलं दिसतं. आपल्याकडे ताटाची सवय आहे. भाकरी, आमटी, शेंगा चटणी, कांदा सगळं एका वेळी समोर आल्याशिवाय जेवण सुरू झाल्यासारखं वाटत नाही. लहान मुलं असतील तर वाट बघायला लावणं अवघडच.

अडचण किचनमध्ये सुरू होते. तळणाची कढई, चायनीजची शेगडी आणि तंदूर हे वेगवेगळ्या माणसांकडे असतात आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. तळलेलं आणि चायनीज आधी सुटतं, तंदूरचं मागून येतं. म्हणजे एकदम सांगितलेलं एकदम येत नाहीच. तीन प्लेट धडाधड आणि बाकीच्या नंतर. क्रिस्पी कॉर्नवर कॉर्नफ्लोअरचं पातळ आवरण असतं. दाण्यातली वाफ बाहेर पडताना तेच ओलं करते, त्यामुळे पाच-सात मिनिटांत कुरकुरीतपणा संपतो. पनीर टिक्का गार झाला की चिवट होतो. मटण सीख गार झाली की तिच्यातली चरबी थिजून टाळूला चिकटते. मोमो तेवढे थोडे थांबतात, तेही झाकण ठेवलं तर.

हे सगळं एक वेळ चालवून घेता येतं. माझं मत पक्कं झालं ते टेबलावरच्या जागेमुळे. चौघांचं टेबल साधारण अडीच-तीन फुटांचं. त्यावर चार जणांच्या प्लेट, ग्लास, पाण्याची बाटली, चटणीच्या वाट्या, सॉसचा स्टँड आणि चार मोबाइल. मधे तीन प्लेट मावतात, चौथी कडेला लटकते. पाचवी घेऊन आलेला मुलगा हातात गरम प्लेट धरून उभा राहतो आणि नम्रपणे विचारतो, “सर, हे एकत्र करू?” कोणीतरी मान हलवतं. हरियाली पनीरचे उरलेले दोन तुकडे चिकन टिक्क्याच्या प्लेटमध्ये ढकलले जातात, चमचाही तोच.

आपल्याकडे टेबलावर सगळे एकाच खाण्याचे असणं विरळा. कोणाचा सोमवार, कोणाचा श्रावण, कोणाच्या घरी मुळातच मांसाहार नाही. ते दोन तुकडे तिकडे गेले की वहिनी काही बोलत नाहीत, फक्त प्लेट पुढे सरकवत नाहीत. त्यानंतर त्यांचं जेवण म्हणजे मसाला पापड आणि शेवटचा जिरा राइस. मुलाची चूक नाही, जागाच नसते. सगळं एकदम मागवलं की हे जवळजवळ ठरलेलंच, निदान माझ्या पाहण्यात तरी.

दोन-दोन प्लेट करून मागवायचं तर ते नीट सांगावं लागतं. “बाकीचं नंतर” एवढ्यावर भागत नाही. हव्या असलेल्या सहा प्लेटची नावं एकदम सांगितली की कॅप्टन सहाही मशिनमध्ये टाकतो, आणि किचनला चिठ्ठी गेली की पदार्थ सुटणारच. म्हणून आत्ता हव्यात तेवढ्या दोनच नावं सांगावीत आणि एक मेन्यू टेबलावर ठेवून घ्यावा. पहिल्या फेरीत दोन्ही शाकाहारी ठेवाव्यात, एक तळलेली आणि एक तंदूरची. सगळ्यांना खाता येतं आणि तळलेलं संपेपर्यंत तंदूरचं येतं. मांसाहारी प्लेट दुसऱ्या फेरीत, टेबलाच्या एका बाजूला, वेगळ्या चमच्यासह. रस्सा-सॉसवालं शेवटी, मंचुरियनसारखं आधी खाल्लं की नंतरचा कबाब फिका लागतो.

जैन किंवा बिनलसणाचं हवं असेल तर ते मात्र पहिल्याच वाक्यात विचारावं. तंदूरच्या पदार्थांचं मॅरिनेशन आधीच लावून ठेवलेलं असतं, त्यातून लसूण काढता येत नाही. कढईत परतायच्या पदार्थात जमतं.

नगही आधी विचारावेत. टिक्का बहुतेक ठिकाणी सहा किंवा आठ, मोमो सहा. पाच जणांत सहा नग आले की शेवटचा तुकडा “तुम्ही घ्या, तुम्ही घ्या” करत गार होतो. पाच जण असाल तर नगाच्या एका प्लेटबरोबर चमच्याने वाढायचं काहीतरी घ्यावं, कॉर्न किंवा चिली मशरूम. एकूण अंदाज म्हणाल तर चौघांना चार स्टार्टर आणि एक बिर्याणी पुरते. एकदम मागवणारे याच चौघांना सहा सांगतात, कारण भूक लागलेली असताना पोटाचा अंदाज येत नाही. दुसऱ्या फेरीला तो आलेला असतो, आणि बिलातला खरा फरक तिथे पडतो.

या पद्धतीचा तोटाही आहे आणि तो रविवारी रात्री कळतो. साडेआठ ते साडेनऊच्या गर्दीत दुसरी ऑर्डर पुन्हा रांगेच्या शेवटी लागते. पहिल्या प्लेट संपायची वाट बघितली तर अर्धा तास रिकाम्या टेबलाकडे बघत बसावं लागतं आणि भूकही मरते. म्हणून पहिली प्लेट टेबलावर टेकली की लगेच पुढच्या दोन सांगाव्यात. शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत घेतात, तेही बसतानाच विचारलेलं बरं.

आठ-दहा जण असतील तर माझाही आग्रह नाही. तिथे एकदमच सांगावं, पण प्रत्येक प्लेट दोन-दोन आणि टेबलाच्या दोन टोकांना. सगळे शाकाहारी, किंवा सगळेच सगळं खाणारे, अशा टेबलालाही एकदम मागवून फार बिघडत नाही. कॉर्न तेवढं आधी संपवायचं.

फेऱ्यांनी मागवलं की चिठ्ठ्या वाढतात आणि बिलात घोळ व्हायची शक्यताही वाढते. रद्द केलेली प्लेट राहून जाते, एखादी दोनदा चढते. पैसे देण्याआधी नावं मोजून घ्यावीत. जीएसटी बहुतेक ठिकाणी ५ टक्के असतो. त्याखाली सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो ऐच्छिक आहे. नको असेल तर काढायला सांगता येतो.