ग्रिंडेलवाल्ड ते मायरिंगेन : आल्प्समधील एका दिवसाची माउंटन बाइक सहल

मराठवाड्यातून स्वित्झर्लंडला जाणारी बहुतेक मंडळी इंटरलाकेनला मुक्काम करतात, युंगफ्राउयोखच्या ३४५४ मीटर उंचीवरील रेल्वे स्थानकापर्यंत जाऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी बसने पुढच्या शहराकडे निघतात. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या सायकल गटातील काही जणांनी त्याच परिसरात एक दिवस राखून ठेवला आणि ग्रिंडेलवाल्डहून ग्रोस शायडेग ही खिंड ओलांडून मायरिंगेनला उतरणारी, गाइडसह माउंटन बाइकची सहल घेतली. नियमित सायकल चालवणाऱ्याने एखादे प्रेक्षणीय स्थळ सोडून द्यावे, पण ही सहल चुकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयोजकांच्या काही गोष्टी मात्र खटकल्या, त्याही पुढे लिहिल्या आहेत.

ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटर उंचीवर आहे, म्हणजे साधारण आपल्या म्हैसमाळइतके. आपला घाट जिथे संपतो, त्या उंचीवरून इथला चढ सुरू होतो. खिंड १९६२ मीटरवर असल्यामुळे सुमारे अकरा किलोमीटरांत नऊशे मीटरहून अधिक चढावे लागते; खुलताबादहून म्हैसमाळ गाठताना आपण जेमतेम दोन-अडीचशे मीटर चढतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. म्हणून आयोजक मोटरची मदत असलेली माउंटन बाइक सुचवतात आणि तो सल्ला मानण्यात कमीपणा नाही. ही मोटर पायडल मारले तरच साथ देते आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे तिची मदत थांबते. गाइडने सुरुवातीपासून सर्वांना मदतीच्या सर्वांत खालच्या पातळीवर ठेवले, त्यामुळे खिंडीत पोहोचल्यावरही बॅटरी पुरेशी शिल्लक होती. ज्यांच्या मांड्यांना दौलताबादच्या घाटाची सवय होती, त्यांना चढाचा त्रास झाला नाही.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग सायकली ताब्यात देतानाच पाहायला मिळाला. भारतात सायकलचा पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो. स्वित्झर्लंडमध्ये तो डाव्या हाताला असतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक इतके तीव्र असतात, की उतारावर मागचा समजून पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर चालक हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. गाइडने आम्ही भारतातून आलो आहोत हे कळताच प्रत्येकाला एका रिकाम्या आवारात नेले, एकाच बोटाने आधी डावा आणि मग उजवा ब्रेक हळूहळू दाबायला लावला, सीट खाली घेणारे बटण वापरून शरीराचा भार मागे कसा न्यायचा ते करून दाखवले आणि प्रत्येकाचे बोट ब्रेकवर नेमके कुठे टेकते, हे वाकून पाहिले. हाताला नवी सवय लागेपर्यंत त्याने कोणालाही रस्त्यावर येऊ दिले नाही. एवढ्या काळजीपोटी त्याचे शुल्क मला रास्त वाटले. त्या भागातून सायकल भाड्याने घेऊन स्वतंत्रपणे निघणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी निदान ही एक बाब तरी दुकानदाराकडून समजून घ्यावी.

गाव मागे पडल्यावर खिंडीकडे जाणारा अरुंद डांबरी रस्ता खासगी मोटारींसाठी बंद आहे. तिथे सायकली आणि प्रवासी बस तेवढ्या दिसतात. आंधळ्या वळणापूर्वी बसचा चालक तीन सुरांचा भोंगा वाजवतो, तो ऐकताच उजव्या कडेला थांबावे. उजवीकडे ३६९२ मीटर उंचीच्या वेटरहॉर्नचा खडा कातळ इतका जवळ येतो, की त्याच्या माथ्यावरचा बर्फ पाहण्यासाठी मान पूर्ण मागे टाकावी लागते. १८५४ मध्ये आल्फ्रेड विल्स यांनी केलेली याच शिखरावरची चढाई आल्प्समधील गिर्यारोहणाच्या सुवर्णयुगाचा आरंभ मानली जाते. मागे वळून पाहिले, की आयगर दिसतो, ज्याची उत्तर भिंत १९३८ पर्यंत कोणालाही सर झाली नव्हती. रेल्वेच्या खिडकीतून हेच डोंगर काही मिनिटांत सरकून जातात. सायकलवर ते तासन्‌तास सोबत असतात.

पाण्याची चिंता घेऊन जगणाऱ्या आपल्या भागातील माणसाला वाटेवरच्या लाकडी डोण्या विशेष भावतील. झऱ्याचे थंडगार पाणी नळीतून त्यांत अखंड पडत असते आणि गुरे व प्रवासी दोघेही तिथे थांबतात. ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचे पाणी नाही) अशी पाटी नसेल, तर ते पाणी पिण्यास योग्य असते. उन्हाळ्यात आपण पाठीवर तीन-तीन लिटर पाणी वाहतो, त्याची इथे गरज नाही. पाठपिशवीत त्याऐवजी वारा अडवणारे जाकीट ठेवावे, कारण चढताना घामाघूम झालेले अंग खिंडीतल्या वाऱ्याने क्षणात गार पडते.

उतारावरील श्वार्त्सवाल्डआल्प येथे जेवण होते. शाकाहारी म्हणून किसलेल्या बटाट्याची रोश्टी मिळते, मात्र तीत अनेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, त्यामुळे मागणी देतानाच स्पष्ट सांगावे. आणखी एक गोष्ट कट्टर शाकाहारी आणि जैन वाचकांसाठी : तिथले पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, वापरून बनवतात.

आता तक्रारी. जाहिरातीतील छायाचित्रांत केवळ मातीच्या पायवाटा दिसतात; प्रत्यक्षात चढ जवळजवळ पूर्ण डांबरी आहे आणि उतारावरही गाइडने जंगलातील खडीच्या वाटांवर नेलेले टप्पे सोडले, तर बराच भाग रस्त्यावरूनच जातो. श्वार्त्सवाल्डआल्पच्या खाली खासगी मोटारीही सुरू होतात. गौताळ्याच्या दगडगोट्यांतून सायकल काढणाऱ्यांना हा भाग सपक वाटेल. रोझेनलाउई येथील हिमनदीच्या पाण्याने कोरलेली घळ पाहायला वेळच ठेवलेला नव्हता, ही मला या सहलीतील सर्वांत मोठी उणीव वाटते. जेवणाचा वेळ कमी करूनही ती दाखवता आली असती. मायरिंगेनहून इंटरलाकेनमार्गे परतीचे रेल्वे भाडे आणि सायकलीचे वेगळे तिकीट शुल्कात धरलेले नाही, हे तर आम्हाला मायरिंगेनच्या फलाटावर कळले. सायकलीसह माणशी दोनशे फ्रँकच्या पुढे घेणाऱ्या आयोजकाने नोंदणीच्या वेळीच हे लेखी कळवायला हवे होते.

जाणाऱ्यांनी जून अखेर ते सप्टेंबर हा काळ निवडावा आणि सकाळची सर्वांत लवकरची वेळ मागावी, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येण्याचा संभव असतो. प्रवास विम्यात माउंटन बाइकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्ही गोष्टी समाविष्ट आहेत का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे; तिथल्या रेगा या हवाई बचाव सेवेचा क्रमांक १४१४ आहे आणि तिचा खर्च पर्यटकाच्या माथी येऊ शकतो.