वीस दिवसांसाठी आलेली तीन पिल्ले: पुण्यातील एका फॉस्टर सेवेबद्दल

गेल्या आषाढात कोथरूडमधील आमच्या घरी एका प्राणिसेवी संस्थेने मांजरीची तीन पिल्ले सांभाळायला दिली. एका बांधकामाच्या जागेवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखाली ती सापडली होती, बराच वेळ वाट पाहूनही त्यांची आई परतली नव्हती, आणि संस्थेच्या निवाऱ्यात आजारी प्राण्यांची गर्दी असल्यामुळे इतक्या लहान जिवांना तिथे ठेवणे धोक्याचे होते. कायमचे घर मिळेपर्यंत प्राणी आपण सांभाळायचा, औषधपाण्याचा खर्च संस्थेने करायचा आणि दत्तक घेणारे कुटुंब मिळाले की त्याला निरोप द्यायचा, अशी ही सेवा आहे. मराठीत तिला तात्पुरते पालकत्व म्हणता येईल, पण पुण्यात सगळे ‘फॉस्टर’ असेच म्हणतात. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे संस्थेचे नाव मी देत नाही. त्या तक्रारी मी संस्थेकडे लेखी कळवल्या आहेत.

पिलांबरोबर एक कॅरिअर, मांजरीच्या पिलांसाठी मिळणाऱ्या दुधाच्या भुकटीचा डबा, दोन बिनसुईच्या सिरिंज, गरम पाण्याची पिशवी आणि एक छापील सूचनापत्रक मिळाले. एका स्वयंसेविकेने घरी बसून पाऊण तास सर्व काही करून दाखवले. पिलाला माणसाच्या बाळासारखे उताणे धरून दूध पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पिलू पालथेच हवे आणि मान किंचित वर. गायीचे दूध अजिबात द्यायचे नाही, कारण त्याने पिलांना जुलाब लागतात आणि एवढ्याशा शरीरातील पाणी कमी व्हायला फार वेळ लागत नाही. दूध पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवून शी-शू करवून घ्यायची, कारण सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिलांना ते स्वतःहून जमत नाही आणि एरवी आई त्यांना चाटून ते करवून घेते. मी लहानपणापासून मांजरांत वाढले आहे, तरीही यातील निम्म्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या, कारण आमच्या वाड्यात त्या सगळ्या भाटीच पाहत असे.

या सेवेचा खरा कस तिसऱ्या रात्री लागला. तिघांतले सर्वांत लहान, काळे पिलू रात्री पावणेदोन वाजता तोंड उघडेना. रवा मोजण्याच्या काट्यावर ते २१० ग्रॅम भरले, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा ८ ग्रॅम कमी. या वयात वजन रोज साधारण १० ग्रॅमने वाढायला हवे, हे सूचनापत्रकात ठळक अक्षरांत लिहिले होते. पिलाचे पंजे माझ्या बोटांना गार लागत होते. मी घाईने पुन्हा सिरिंज भरत असतानाच यजमानांनी संस्थेच्या रात्रीच्या क्रमांकावर फोन लावला आणि तो दुसऱ्या घंटेला उचलला गेला. “काकू, दूध बाजूला ठेवा. आधी ऊब द्या. अंग गार असताना पोटात गेलेलं दूध पचत नाही,” असे त्या मुलीने शांतपणे सांगितले. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पिलाच्या एका बाजूला ठेवायची, फार ऊब झाली तर त्याला सरकता येईल एवढी जागा मोकळी सोडायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा फोन करायचा, असे ठरले. पहाटे साडेतीनला पिलाने ४ मिलिलिटर दूध घेतले आणि सकाळी आठला संस्थेची गाडी त्याला पशुवैद्यांकडे घेऊन गेली. हे पिलू आज जिवंत आहे ते त्या एका फोनमुळे, असे मी मनापासून मानते. फॉस्टर म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी रात्री फोन कोण उचलते, हे अवश्य विचारावे.

दत्तक देण्याची पद्धत मला या सेवेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटली. अर्ज, फोनवर सविस्तर बोलणे, घराची पाहणी, भाड्याचे घर असल्यास घरमालकाची लेखी संमती आणि योग्य वयात नसबंदी करण्याचे हमीपत्र, एवढे झाल्याशिवाय पिलू दिले जात नाही. सहाव्या मजल्यावरील एका कुटुंबाला तांबूस बोका फार आवडला होता, पण त्यांच्या गॅलरीला जाळी नव्हती. संस्थेने नकार न देता जाळी बसवेपर्यंत पिलू त्यांच्यासाठी राखून ठेवले आणि आठ दिवसांनी जाळीचे छायाचित्र आल्यावर ते त्यांना दिले. पिलू गेल्यानंतर पंधरा दिवसांनी त्या घरी चौकशीचा फोनही गेला.

काळ्या पिलाला मात्र कोणी विचारीना. तिघांच्या छायाचित्राखाली चौकशा येत त्या तांबूस आणि पांढऱ्या पिलांसाठी. एका बाईंनी तर घरात काळे मांजर नको, असे स्पष्टच सांगितले. आडवे जाणाऱ्या मांजराबद्दलची समजूत अजूनही एखाद्या जिवाचे घर हिरावून घेते, हे पाहून मला फार वाईट वाटले. संस्थेने त्याचे खिडकीच्या उजेडात नव्याने छायाचित्र काढले आणि ते माणसाच्या मांडीवर कसे झोपते याची छोटी चित्रफीत केली. निवाऱ्यातील पिंजऱ्यात प्राण्याचा स्वभाव असा उमलून दिसत नाही, तो घरातच कळतो.

आता तक्रारी. पहिली मुदतीची. वीस दिवस असे सांगितले होते, प्रत्यक्षात नऊ आठवडे लागले. पिलांच्या वयाचा हिशोब केला असता तर हे आधीच दिसले असते: सुमारे अडीच आठवड्यांची पिल्ले पहिल्या लसीच्या, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांच्या वयाला पोहोचेपर्यंतच महिना जातो आणि पुढचा डोस त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी असतो. आम्ही गणपतीसाठी गावी जाण्याची तिकिटे काढली होती, ती रद्द करावी लागली. दुसरी तक्रार पैशांची. दुधाचा दुसरा डबा आणि औषधे मिळून आमचे २,३०० रुपये खर्च झाले, ते तीनदा आठवण करून दिल्यावर दोन महिन्यांनी मिळाले.

तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. पांढऱ्या पिलाने माझ्या मनगटाला ओरखडा काढला तेव्हा सूचनापत्रकात फक्त जंतुनाशक लावा, एवढेच सापडले. रस्त्यावरून आलेल्या, लस न झालेल्या प्राण्याने चावा घेतला किंवा रक्त येईल असा ओरखडा काढला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवे, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपचारांना जवळजवळ कधीच यश येत नाही. मी धुतले, डॉक्टरांकडे गेले आणि लसीचे सर्व डोस पूर्ण केले. ही सूचना पत्रकाच्या पहिल्या पानावर हवी. आमच्या घरी आधीच एक दहा वर्षांची मांजर आहे, तरी नव्या पिलांना तिच्यापासून किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, हेही आम्हाला आमच्या पशुवैद्यांनी सांगितले.

सोसायटीच्या सचिवांनी आक्षेप घेतला तेव्हा संस्थेने तत्परतेने मदत केली. पाळीव प्राणी ठेवण्यास सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. त्याची प्रत समन्वयक स्वतः घेऊन आल्या, चहा घेत बोलणे झाले आणि विषय तिथेच मिटला. कुत्र्याच्या पिलाचे फॉस्टरिंग आमच्या शेजाऱ्यांनी याच संस्थेकडून केले. त्यांना लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत पिलू रस्त्यावर उतरवू नका, असे बजावून सांगितले होते, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या पिलांना होणाऱ्या जीवघेण्या आजाराचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतात.

काळे पिलू अखेर भाद्रपदात सदाशिव पेठेतील एका निवृत्त शिक्षिकेकडे गेले. त्यांनी त्याचा जुना टॉवेल न धुता मागून घेतला, म्हणजे नव्या घरात त्याला ओळखीचा वास मिळेल. त्या दिवशी त्याचे वजन १ किलो ६० ग्रॅम भरले. पुढची पिल्ले आम्ही दिवाळीचे फटाके थांबल्यावर घेणार आहोत, आणि या वेळी मुदत पिलांच्या वयाचा हिशोब करून अर्जावर लिहून द्यायचे संस्थेने मान्य केले आहे.